यजमान जनुक भरपूर, पण त्याच्याच इंट्रॉनमधला मिर-७ नगण्य: मोजणीत चूक आहे की पेशीतच काही घडते?

गोदाकाठ (नाशिक) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी नाशिकमध्ये जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकत आहे. माझा प्रबंध कर्करोगाच्या पेशींतील मिर-७ या मायक्रोआरएनएवर (इतर जनुकांचे काम दाबणाऱ्या अगदी छोट्या आरएनएवर) आहे. एका निरीक्षणापाशी मी गेले महिनाभर अडले आहे, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

मिर-७ तयार करणाऱ्या जनुकांपैकी एक, म्हणजे मिर-७-१, हे एचएनआरएनपी-के या प्रथिनाच्या जनुकातील एका इंट्रॉनमध्ये, म्हणजे आरएनएतून पुढे कापून टाकल्या जाणाऱ्या भागात, बसलेले आहे. दोन्ही एकाच दिशेने, एकाच प्राथमिक आरएनएच्या रूपात लिहिले जातात. म्हणून यजमान जनुकाचा, म्हणजे एचएनआरएनपी-केचा, एमआरएनए जितका अधिक, तितका मिर-७ अधिक असावा, अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात हेला पेशींत (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत) क्यूपीसीआर केले, ज्यात रेणू जितका अधिक तितक्या लवकरच्या फेरीत रेषा वर येते, तेव्हा एचएनआरएनपी-केचा एमआरएनए अगदी लवकरच्या फेऱ्यांत दिसतो, पण मिर-७ची रेषा ३५व्या फेरीपर्यंत जेमतेम वर येते. न्यूरोब्लास्टोमाच्या (अपरिपक्व चेतापेशींच्या कर्करोगाच्या) पेशींत मात्र यजमानाचा एमआरएनए साधारण तेवढाच असताना मिर-७ स्पष्ट मिळतो. तीन वेळा नव्याने आरएनए काढला, तरी चित्र बदलले नाही.

माझ्या मार्गदर्शकांचे म्हणणे असे की एकाच प्रवर्तकाखालच्या दोन गोष्टी अशा विरुद्ध वागू शकत नाहीत, त्यामुळे माझी मोजणीच चुकली असावी आणि हा भाग प्रबंधातून वगळावा. मला तो वगळावासा वाटत नाही. माझा प्रश्न असा आहे: इंट्रॉन कापून एक्झॉन, म्हणजे उरणारे भाग, जोडण्याची क्रिया, म्हणजे स्प्लाइसिंग, आणि त्याच इंट्रॉनमधून मायक्रोआरएनए सोडवून घेण्याची क्रिया या दोन्ही एकाच धाग्यावर चालत असताना एकमेकींच्या आड येतात का? आणि कर्करोगाच्या पेशीत हा संबंध बदलतो का?

निफाडकर

नमस्कार. आपण हा भाग वगळू नये, हे आधी सांगतो, कारण आपले निरीक्षण माहीत असलेल्या गोष्टींशी उत्तम जुळते. मी बरीच वर्षे रेण्वीय जीवशास्त्र शिकवले. "यजमान आणि मायक्रोआरएनए बरोबरच चालतात" हे वाक्य मीही वर्गात अनेकदा सांगितले आहे. ते लेखनाच्या पायरीपुरते बहुधा खरे असते. पुढच्या पायऱ्यांवर ते टिकेलच असे नाही.

प्रथम क्रम पाहू. आरएनए पॉलिमरेज-२ जनुक लिहीत असतानाच नव्या आरएनएवर दोन यंत्रणा येऊन बसतात. एक स्प्लायसिओसोम, म्हणजे स्प्लाइसिंग करणारी यंत्रणा: त्यातील यू१ इंट्रॉनच्या सुरुवातीची खूण पकडतो आणि यू२ शेवटाजवळच्या शाखाबिंदूवर बसतो. दुसरी मायक्रोप्रोसेसर: आरएनए कापणाऱ्या ड्रोशा या विकराचा एक रेणू आणि डीजीसीआर८ या साथीदार प्रथिनाचे दोन. ही यंत्रणा आरएनएची केसाच्या आकड्यासारखी दुमडलेली घडी ओळखते आणि घडीच्या पायथ्यापासून सुमारे ११ जोड्या मोजून दोन्ही धागे कापते. सुटलेला सुमारे ६० ते ७० न्यूक्लिओटाइडांचा तुकडा एक्स्पोर्टिन-५ केंद्रकाबाहेर नेतो, डायसर त्याचा साधारण २२ न्यूक्लिओटाइडांचा दुहेरी तुकडा करतो आणि त्यातील एक धागा आर्गोनॉट प्रथिनात बसून कामाला लागतो.

आता तुमचा खरा प्रश्न. घडी जर इंट्रॉनच्या पोटात असेल, तर ड्रोशाने ती कापून नेल्यावर इंट्रॉन मध्येच तुटतो. मग स्प्लाइसिंग कसे पूर्ण होणार? नॅरी किम यांच्या गटाने २००७मध्ये नेमके हेच तपासले. त्यांना दिसले की ड्रोशा स्प्लाइसिंग पूर्ण होण्याआधीच घडी कापू शकते आणि तरीही दोन्ही बाजूंचे एक्झॉन नीट जोडले जातात. कारण इंट्रॉनची दोन्ही टोके तोवर स्प्लायसिओसोमच्या घटकांनी धरून ठेवलेली असतात. धागा मधून तुटला, तरी टोके हातातून सुटत नाहीत.

आमच्याकडे निफाडला द्राक्षबाग आहे, म्हणून मला हे चित्र बागेतच दिसते. फळछाटणीची कात्री काडीपर्यंत पोहोचण्याआधीच कोणी त्या काडीवरून कलमासाठी एक डोळा काढून नेला, तरी छाटणी व्हायची तशीच होते, कारण छाटणारा काडी बुडाशी, राखायच्या डोळ्यांच्या वर धरतो; पुढच्या भागाचे काय झाले याच्याशी त्याला कर्तव्य नसते. नेलेला डोळा मात्र कलमावर रुजेल की वाळून जाईल, हे छाटणीवर ठरत नाही. तो ज्याच्या हातात गेला त्याच्यावर ठरते. तुमच्या हेला पेशींत हेच घडत आहे: छाटणी नीट होते आहे, डोळा मात्र रुजत नाही.

का रुजत नाही, याचे उत्तर एडिनबरोच्या एका गटाने २०१३मध्ये दिले, आणि योगायोगाने त्यांनीही हेला पेशीच वापरल्या होत्या. मिर-७-१च्या घडीचे जे वरचे टोक असते, त्या फासावर ह्युआर आणि मुसाशी-२ ही दोन आरएनए-बंधक प्रथिने येऊन बसतात. ती घडीला असे जखडून ठेवतात की मायक्रोप्रोसेसरला ती नीट कापता येत नाही. चेतापेशींसारख्या ज्या पेशींत हा अडथळा कमी असतो, तेथे मिर-७ सुटतो. एचएनआरएनपी-के जवळजवळ सगळ्याच पेशींत लिहिले जाते, पण परिपक्व मिर-७ मुख्यतः मेंदूत आणि स्वादुपिंडात मिळतो, या विसंगतीचे हे मोठे कारण आहे. तेव्हा आपल्या न्यूरोब्लास्टोमा आणि हेलातील फरक चुकीचा नाही. तो अपेक्षितच आहे.

येथून कर्करोगाकडे वळू. स्प्लाइसिंगचे जे कारभारी आपण पाठ्यपुस्तकात वाचतो, त्यांपैकी काही जण मायक्रोआरएनएच्या कामातही हात घालतात, आणि ते बऱ्याचदा स्प्लाइसिंगपासून स्वतंत्रपणे. एसआरएसएफ१ हे त्यांतील ठळक उदाहरण. २००७मध्ये एड्रियन क्रायनर यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की या एका स्प्लाइसिंग प्रथिनाचे प्रमाण थोडेसे वाढवले, तरी उंदराच्या फायब्रोब्लास्ट पेशी कर्करोगाच्या वळणावर जातात. २०१०मध्ये त्याच एसआरएसएफ१बद्दल आणखी एक गोष्ट पुढे आली: ते प्राय-मिर-७ला (घडी अजून न कापलेल्या लांब आरएनएला) थेट बांधले जाते आणि त्याचे ड्रोशाकडून होणारे कापकाम वाढवते. आणि तयार झालेला मिर-७ एसआरएसएफ१च्याच एमआरएनएच्या शेपटीला (प्रथिनाचा संदेश संपल्यानंतरच्या भागाला) चिकटून त्याचे उत्पादन कमी करतो. म्हणजे प्रथिन वाढले की मिर-७ वाढतो, मिर-७ वाढला की प्रथिन खाली येते. हा लगाम पेशीने स्वतःला घालून घेतलेला आहे.

मला या विषयातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येथेच दिसतो. ह्युआर अनेक गाठींत वाढलेले आढळते. मुसाशी-२चे प्रमाण मायलॉइड प्रकारच्या रक्तकर्करोगात वाढलेले असते आणि ते वाईट भवितव्याशी जोडलेले आहे. ज्या पेशीत ही दोन प्रथिने मिर-७ची घडी जखडून बसतात, त्या पेशीत एसआरएसएफ१ने कितीही जोर लावला, तरी लगाम पुरेसा ओढला जाणार नाही, असे मानायला जागा आहे. मिर-७ हा इजीएफआर या वाढीच्या ग्राहीलाही दाबतो, त्यामुळे मिर-७च्या अभावाचा परिणाम केवळ स्प्लाइसिंगपुरता राहत नाही. हा शेवटचा तर्क माझा आहे. आपल्या हातात दोन्ही प्रकारच्या पेशी असल्याने तो तपासण्याची संधी मात्र आपल्याकडे आहे.

दुसरे उदाहरण थोडक्यात देतो. एचएनआरएनपी-ए१ हेही मुळात स्प्लाइसिंगचे प्रथिन. २००७मध्ये गिल आणि कासेरेस यांनी दाखवले की ते मिर-१८एच्या घडीला बांधले जाऊन तिचा आकार सैल करते, त्यामुळे ड्रोशाला ती कापणे सोपे जाते. मिर-१८ए ज्या मिर-१७-९२ समूहात आहे त्यात एकूण सहा मायक्रोआरएनए आहेत, सगळे एकाच धाग्यावर. तरी एचएनआरएनपी-ए१ची ही मदत त्यांपैकी मिर-१८एलाच लागते. एकाच धाग्यावरचे सख्खे शेजारीसुद्धा एकत्र वर-खाली होत नाहीत. मग यजमान एमआरएनए आणि इंट्रॉनमधला मायक्रोआरएनए यांनी तसे वागावे, हा आग्रह कशासाठी? आपल्या मार्गदर्शकांना हे उदाहरण अवश्य दाखवा.

काचपट्टी

निफाडकर सरांनी पेशींतील बाजू स्पष्ट केली आहे. मी विकृतीशास्त्राची डॉक्टर आहे, नाशिकमध्येच काम करते, आणि पुढे-मागे आपण रुग्णांच्या गाठींकडे वळाल तेव्हासाठी तीन गोष्टी लिहून ठेवते.

आमच्याकडे येणारी गाठ फॉर्मलिनमध्ये बुडवलेली असते, नंतर ती मेणाच्या ठोकळ्यात बसवली जाते आणि त्याचे पातळ काप आम्ही काचपट्टीवर घेतो. या प्रवासात लांब आरएनएचे तुकडे-तुकडे होतात, पण २२ न्यूक्लिओटाइडांचा मायक्रोआरएनए आधीच इतका लहान आणि आर्गोनॉटच्या कुशीत इतका सुरक्षित असतो की तो वर्षानुवर्षे टिकतो. याचा परिणाम असा होतो की जुन्या ठोकळ्यात यजमानाचा एमआरएनए कमी आणि मायक्रोआरएनए भरपूर दिसतो. पेशीत तसे काहीही घडलेले नसते. घडलेले असते ते फॉर्मलिनमध्ये. मी स्वतः एकदा अशा आकड्यांवर आठवडाभर विचार करीत बसले होते. एका ठोकळ्याचे वय दहा वर्षे आणि दुसऱ्याचे सहा महिने आहे, हे नोंदवहीत पाहिल्यावरच मला उलगडा झाला. ठोकळ्यातून यजमान मोजायचा असेल, तर प्रवर्धित होणारा भाग १०० न्यूक्लिओटाइडांच्या आत ठेवावा आणि सारख्या वयाचेच ठोकळे एकमेकांशी ताडून पाहावेत.

दुसरी गोष्ट मिर-७च्याच संदर्भात. स्प्लाइसिंग नेहमी पुढच्या दिशेनेच होते असे नाही. कधी एक्झॉनचे शेवटचे टोक त्याच्याच सुरुवातीच्या टोकाला जोडले जाते आणि बंद वर्तुळाकार आरएनए तयार होतो. असा एक वर्तुळाकार आरएनए, सीआयआरएस-७, २०१३मध्ये प्रसिद्धीला आला, कारण त्यावर मिर-७ चिकटण्याच्या सत्तरहून अधिक जागा आहेत. त्यानंतर अनेक लेखांत सरळ असे मांडले गेले की गाठीतील पेशी हे वर्तुळ बनवतात, ते मिर-७ शोषून घेते, आणि कर्करोग वाढतो. पुढे २०२०मध्ये ऊतींच्या कापांवर प्रत्यक्ष रंगवून पाहिले गेले, तेव्हा आतड्याच्या कर्करोगात हे वर्तुळ कर्करोगाच्या पेशींत जवळजवळ नव्हतेच. ते भोवतालच्या आधार-ऊतीच्या पेशींत होते. सगळी गाठ एकत्र वाटून आरएनए काढला, की दोन वेगळ्या पेशींतील दोन रेणू एकाच नळीत येतात आणि आपण त्यांचा संबंध जोडून मोकळे होतो. सूक्ष्मदर्शकाखाली रोज गाठी पाहणाऱ्या माणसाला हे फार खुपते. ज्या गाठीत निम्म्याहून अधिक भाग तंतुपेशींचा आणि दाहपेशींचा आहे, तिच्या आकड्यांना कर्करोगाच्या पेशीचे आकडे म्हणता येत नाही.

तिसरे, स्प्लायसिओसोमच्याच जनुकांत बदल झालेले कर्करोग. २०११पासून आपल्याला माहीत आहे की मायलोडिस्प्लेसियाच्या (अस्थिमज्जेत रक्तपेशी नीट न बनण्याच्या आजाराच्या) अनेक रुग्णांत एसएफ३बी१, यू२एएफ१, एसआरएसएफ२ किंवा झेडआरएसआर२ यांपैकी एखाद्या जनुकात बदल असतो. लोहाच्या कड्या असलेल्या साइडरोब्लास्टांच्या (अपरिपक्व तांबड्या पेशींच्या) प्रकारात एसएफ३बी१ विशेष आढळतो. ७००व्या जागेवरचे लायसिन जाऊन ग्लुटामिक आम्ल आले, की स्प्लायसिओसोम नेहमीच्या जागेच्या सुमारे १० ते ३० न्यूक्लिओटाइड अलीकडची चुकीची खूण निवडू लागतो. यावरून "मग त्या रुग्णांत सगळे मायक्रोआरएनए बिघडत असतील" असा निष्कर्ष विद्यार्थी काढतात. तो घाईचा आहे. निफाडकर सरांनी म्हटल्याप्रमाणे इंट्रॉनमधली घडी कापायला स्प्लाइसिंग पूर्ण व्हावेच लागते असे नाही, त्यामुळे परिणाम होतो की नाही, हे प्रत्येक जागेसाठी वेगळे पाहावे लागते.

आणि काही वेळा कारण याहून फार साधे असते. दीर्घकालीन लिम्फोसायटिक रक्तकर्करोगात मिर-१५ए आणि मिर-१६-१ कमी असतात, हे २००२मध्ये कॅलिन आणि क्रोचे यांनी दाखवले. हे दोघे डीएलईयू२ या जनुकाच्या इंट्रॉनमध्ये आहेत. पण निम्म्याहून अधिक रुग्णांत १३व्या गुणसूत्राचा तो तुकडाच हरवलेला असतो. तेथे प्रक्रियेला दोष देण्याचे कारण नाही. आधी डीएनए पाहावा, मग आरएनएकडे जावे.

गोदाकाठ

सर, मॅडम, मनापासून आभार. डोळ्याचे उदाहरण मी कायम लक्षात ठेवीन. माझे आजोळ पिंपळगावला असल्यामुळे ते लगेच समजले.

दोन शंका राहिल्या. पहिली: स्प्लाइसिंग पूर्ण झाल्याशिवायही घडी कापली जाते, तर स्प्लाइसिंगचा मायक्रोआरएनएवर थेट परिणाम होतो असे एकही उदाहरण नाही का? दुसरी: माझ्याकडे प्रबंधासाठी अडीच महिने आणि मोजकेच रसायन उरले आहे. आरएनए सिक्वेन्सिंग परवडणार नाही. साध्या क्यूपीसीआरवर हा मुद्दा कसा सिद्ध करता येईल?

पिपेट

पहिल्या शंकेचे उत्तर आधी देतो. उदाहरणे आहेत, आणि ती तीन वेगवेगळ्या तऱ्हांची आहेत.

काही इंट्रॉन इतके छोटे असतात की सगळा इंट्रॉन म्हणजेच ती घडी. २००७मध्ये प्रथम माशीत सापडलेल्या या प्रकाराला मिरट्रॉन म्हणतात. येथे ड्रोशाचे कामच नाही. स्प्लायसिओसोम इंट्रॉन कापतो, फासाचा आकार सोडवणारे विकर तो सरळ करते आणि तो पुढे डायसरकडे जातो. अशा मायक्रोआरएनएसाठी स्प्लाइसिंग थांबले की सगळेच थांबले. काही घड्या एक्झॉन आणि इंट्रॉन यांच्या सीमेवरच बसलेल्या असतात. तेथे घडीचा एक पाय इकडे आणि दुसरा तिकडे असल्याने दोन्ही यंत्रणा एकाच जागेसाठी भांडतात, आणि एकीची जीत ही दुसरीची हार असते. तिसरी तऱ्हा मला सर्वांत आवडते. मेलॅनोसाइट पेशींतील टीआरपीएम१ जनुकाच्या सहाव्या इंट्रॉनमध्ये मिर-२११ आहे, आणि तेथे मायक्रोप्रोसेसरचे येणे त्या इंट्रॉनचे स्प्लाइसिंग वाढवते, असे २०११मध्ये दिसून आले. मेलॅनोमात मिर-२११ घटलेला आढळतो. म्हणजे एके ठिकाणी दोघे तटस्थ, दुसरीकडे वैरी, तिसरीकडे सहकारी. एकच नियम सगळीकडे लावू नका.

आता प्रयोग. मी नाशिकच्याच एका महाविद्यालयातून शिकून पुढे बरीच वर्षे बेंचवर काम केले आहे, म्हणून नेमके लिहितो.

आपण सीडीएनए (आरएनएवरून बनवलेली डीएनए-प्रत) ऑलिगो-डीटीने, म्हणजे पॉली-ए शेपटीला चिकटणाऱ्या प्रायमरने, केला असावा असे वाटते, कारण एमआरएनएसाठी बहुतेक जण तसेच करतात. त्यावर प्राय-मिर-७ मोजू नका. घडी असलेला आरएनए तेव्हा केंद्रकात अर्धवट लिहिलेला असतो, त्याला पॉली-ए शेपूट (टोकाला जोडली जाणारी ए-अक्षरांची रांग) बहुधा आलेलीच नसते, त्यामुळे तो आपल्या सीडीएनएत उतरतच नाही. रँडम हेक्झामरने (कोणत्याही आरएनएला चिकटणाऱ्या सहा अक्षरी प्रायमरांनी) नवा सीडीएनए करा. आरएनएवर डीएनेज (डीएनए नष्ट करणारे विकर) अवश्य चालवा आणि रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज (सीडीएनए बनवणारे विकर) न घातलेली एक नळी प्रत्येक नमुन्याबरोबर ठेवा. इंट्रॉनमधले प्रायमर जीनोमिक डीएनएवरही तितक्याच आनंदाने चालतात. हे नियंत्रण नसल्यामुळे वाया गेलेले प्रबंध मी पाहिले आहेत.

त्यानंतर चार गोष्टी मोजा. स्प्लाइस झालेला एमआरएनए, ज्यासाठी दोन प्रायमर घडीच्या इंट्रॉनच्या दोन्ही बाजूंच्या एक्झॉनमध्ये असावेत. न कापलेली घडी, ज्यासाठी एक प्रायमर घडीच्या आधी आणि एक नंतर असावा. ड्रोशाने कापले की हा भाग वाढत नाही, म्हणून तो "अजून कापलेले नाही" एवढेच सांगतो. त्याच जनुकातील दूरच्या, घडी नसलेल्या एका इंट्रॉनचा तुकडा, ज्यावरून लेखनाचा वेग साधारण कळतो. आणि परिपक्व मिर-७, जो आपण मोजलेलाच आहे. हेलात पहिले तिन्ही न्यूरोब्लास्टोमाइतकेच किंवा न कापलेली घडी तुलनेने अधिक, आणि फक्त चौथा कमी, असे आले, तर लेखन आणि स्प्लाइसिंग दोषमुक्त होतात आणि बोट घडीच्या कापकामाकडे वळते.

येथे एक खाचखळगा आहे, तो प्रामाणिकपणे प्रबंधात लिहा. स्प्लाइसिंगने इंट्रॉन संपूर्ण बाहेर पडला आणि घडी शाबूत राहिली, तर तो सुटा इंट्रॉन नष्ट होईपर्यंत आपल्या दुसऱ्या प्रायमर-जोडीला दिसत राहतो. म्हणून "न कापलेली घडी" म्हणजे "स्प्लाइस न झालेला आरएनए" असे समीकरण मांडू नये.

दुसरा खळगा असा की परिपक्व मिर-७ तीन जनुकांतून येतो: मिर-७-१, ७-२ आणि ७-३. शेवटचा रेणू तिन्हींचा सारखाच. तेव्हा न्यूरोब्लास्टोमात मिर-७ अधिक आहे याचे श्रेय एकट्या एचएनआरएनपी-केला देण्याआधी उरलेल्या दोन प्राय-रेणूंचीही मोजणी करा. आणि परिपक्व रेणूचे प्रमाण म्हणजे निर्मिती वजा नाश. सायरानो नावाचा एक लांब नॉनकोडिंग आरएनए मिर-७ला बांधून त्याचा नाशच घडवून आणतो, हे २०१८मध्ये उंदरांत दाखवले गेले आहे. परिपक्व मिर-७ मोजण्याचा स्टेम-लूप प्रायमर कधीकधी प्री-मिरलाही (ड्रोशाने सोडवलेल्या, पण डायसरने अजून न कापलेल्या घडीलाही) थोडेफार पकडतो. कोठे नॉर्दर्न ब्लॉटची (आरएनए आकारानुसार वेगळे करून पाहण्याची) सोय झाली, तर दोन्ही पट्ट्या वेगळ्या दिसतील आणि वाद मिटेल.

रसायन उरले तर एकच हस्तक्षेप करा: हेलात ह्युआर खाली आणा आणि वरच्या चारही गोष्टी पुन्हा मोजा. एसआरएसएफ१ खाली आणण्याचा मोह होईल, पण ते पेशीच्या जगण्यालाच इतके लागते की तीन दिवसांत शेकडो जनुकांचे स्प्लाइसिंग बदलते आणि कोणता परिणाम थेट व कोणता आडवळणाने आला, हे सांगता येत नाही. प्लॅडिएनोलाइडसारखे स्प्लाइसिंग रोखणारे औषधही याच कारणासाठी टाळा. एमसीएल१सारखी पेशीला जगवणारी अल्पायुषी प्रथिने काही तासांतच कमी होतात आणि आपण मरणाऱ्या पेशींतले मायक्रोआरएनए मोजत बसतो.

सातपूरकर

चर्चेत एक बाजू राहिली आहे, ती थोडक्यात मांडतो. आतापर्यंत स्प्लाइसिंगची प्रथिने मायक्रोआरएनएला काय करतात, हेच आले. उलट दिशा कर्करोगात तितकीच महत्त्वाची आहे. मिर-१२४ हा पीटीबीपी१ या स्प्लाइसिंग-दमनकाला खाली आणतो. पीटीबीपी१ आणि एचएनआरएनपी-ए१, ए२ मिळून पीकेएम जनुकाचा नववा एक्झॉन गाळायला आणि दहावा ठेवायला लावतात, त्यामुळे पीकेएम२ हा प्रकार तयार होतो, जो बहुसंख्य गाठींत आढळतो आणि ग्लुकोज भराभर वापरण्याच्या त्यांच्या सवयीशी जोडलेला आहे. आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींत मिर-१२४ परत दिला, की पल्ला पीकेएम१कडे झुकतो. तसेच मिर-२०० कुटुंब क्यूकेआय या स्प्लाइसिंग-प्रथिनाला दाबून ठेवते; मिर-२०० हरवला की क्यूकेआय वाढते आणि उपकला पेशी सुट्या होऊन फिरू लागताना जे स्प्लाइसिंग बदल होतात, त्यांतील बरेच घडवते. एसआरएसएफ१ आणि मिर-७ यांच्या लगामात या दोन्ही दिशा एकाच ठिकाणी भेटतात, म्हणूनच आपला विषय उत्तम निवडलेला आहे.

एक सावधगिरी. मेयर आणि बार्टेल यांनी २००९मध्ये दाखवले की कर्करोगाच्या पेशी पुष्कळदा एमआरएनएची शेपटी (पॉली-ए नव्हे, तिच्या आधीचा भाग) आखूड ठेवतात, आणि मायक्रोआरएनए चिकटण्याच्या जागा त्या शेपटीतच असतात. एसआरएसएफ१चा एमआरएनए आपल्या पेशींत किती लांब आहे, हे न पाहता लगाम तुटला की शाबूत आहे, हे ठरवू नये.

गोदाकाठ

तीन आठवड्यांनी परत लिहीत आहे. पिपेट दादांनी सांगितल्याप्रमाणे रँडम हेक्झामरने नवा सीडीएनए केला. डीएनेज न चालवलेल्या जुन्या नमुन्यात रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज नसलेल्या नळीतही रेषा उठली, म्हणजे जुना आरएनए खरोखरच स्वच्छ नव्हता. मार्गदर्शकांची शंका तेवढ्यापुरती रास्त होती आणि मी त्यांना तसे सांगितले. नव्या, स्वच्छ नमुन्यांत स्प्लाइस झालेला एचएनआरएनपी-के आणि दूरचा इंट्रॉन दोन्ही पेशींत जवळपास सारखे आले. न कापलेली घडी हेलात अधिक आहे. परिपक्व मिर-७ पूर्वीसारखाच हेलात नगण्य. न्यूरोब्लास्टोमात प्राय-मिर-७-३ मला मिळाला नाही, पण ७-२ थोडा मिळतो, त्यामुळे सगळे श्रेय एचएनआरएनपी-केला देता येणार नाही, हे मी प्रबंधात स्पष्ट लिहिले आहे.

मार्गदर्शकांनी हा भाग ठेवायला संमती दिली. ह्युआरविरोधी एसआयआरएनए (त्याचे उत्पादन खाली आणणारा छोटा आरएनए) पुढच्या आठवड्यात येईल. पिपेट दादा, ते दिल्यानंतर प्रथिन खरोखर कमी झाले हे वेस्टर्न ब्लॉटवर पाहण्यासाठी ४८ तास पुरतील की ७२ तास थांबावे? आमच्याकडे प्रतिपिंड एकदाच पुरेल इतकाच आहे.

पिपेट

७२ तास थांबा, पण ४८ तासांची एक तबकडी बाजूला काढून तिचा लायसेट (फोडलेल्या पेशींचा अर्क) आणि आरएनए दोन्ही फ्रीझरमध्ये गोठवून जपून ठेवा. दोन्ही वेळांचे नमुने एकाच जेलवर, एकाच पडद्यावर लावा; मग एकदाच पुरणारा प्रतिपिंड दोघांनाही पुरेल. ह्युआर सुमारे ३६ किलोडाल्टनचे आहे आणि जीएपीडीएच हे तुलनेसाठी नेहमी वापरले जाणारे प्रथिन जवळजवळ त्याच जागी येते, तेव्हा प्रत्येक रांगेत सारखेच प्रथिन भरले होते हे दाखवण्यासाठी ट्युब्युलिन किंवा व्हिंक्युलिन घ्या.